दाबले, धरले, सोडले

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत ‘दाबणे’ या क्रियापदाचा लौकिक काही फारसा चांगला नाही. आवाज दाबतात, प्रकरण दाबतात, गळा दाबतात. थकून आलेल्या माणसाचे पाय दाबतात, तेवढीच काय ती त्याची पुण्याई. अलीकडे या क्रियापदाला एक नवे कर्म लाभले आहे, ते म्हणजे बटण. दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो, पंख्याचे दाबले की पंखा फिरतो. कारण बटण आणि दिवा यांची गाठ तारेने पक्की मारलेली असते. पण संगणकाच्या माऊसचे बटण दाबले की काय होते? याचे प्रामाणिक उत्तर ‘काहीच होत नाही’ असे आहे. फक्त एक बातमी निघते. ती कोणाच्या दारात जाते, कोण ती ऐकून घेतो आणि कोण ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणून पुढे धाडतो, याची कथा मला गेल्या वर्षभरात थोडीथोडी कळत गेली. तीच येथे सांगावी म्हणते.

कला शाखेच्या मुलीने हे लिहावे याचे काहींना नवल वाटेल. संगणक विभागातील मंडळी म्हणतील, हे अतिक्रमण झाले. आमचे प्राध्यापक म्हणतील, लेखाला दुसरा विषय मिळाला नाही काय? पण उंदीर हे विद्येच्या देवतेचेच वाहन आहे. तेव्हा त्याच्यावर आमचाही थोडा हक्क पोचतो, एवढेच माझे समर्थन.

या उंदराचा जन्म अमेरिकेतला. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबर्ट नावाचे एक संशोधक होते. माणसाने संगणकाशी बोलावे, त्याच्या पडद्यावर बोट ठेवल्यासारखे करून ‘हे’ आणि ‘ते’ असे दाखवावे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस तयार केला. लाकडाची एक ठोकळ्यासारखी पेटी, तिच्या पोटाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके, मागे शेपटासारखी तार आणि वर एकच बटण! ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबर्ट यांनी भरसभेत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तोवर बटणे तीन झाली होती. पुढे बटणे किती असावीत यावर शहाण्यांत बरेच वाद झाले. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या माऊसला पुन्हा एकच बटण होते. माणसाला ‘कोणते दाबू?’ असा प्रश्नच पडू नये, हा त्यामागचा विचार. मला हा विचार फार मायाळू वाटतो. नवख्या माणसाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर भलतेच बटण दाबले जाण्याची. ही भीती मी जवळून पाहिली आहे.

त्याच १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी खिडक्यांची एक पद्धत रचायला घेतली. तिच्या आधीच्या पद्धतीचे नाव ‘डब्ल्यू’ होते, म्हणून हिचे नाव ‘एक्स’! इतके साधे बारसे मी दुसरे ऐकले नाही. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली, आणि लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांवर तिने पुढे कित्येक वर्षे कारभार केला. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर आजही तीच नांदते. संगणक विभागातील एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने मला तिथे बसू दिले, पायथन भाषेतील चार ओळी शिकवल्या, आणि या कारभाराच्या आत डोकावायची वाट दाखवली.

आत जे दिसले ते मला एखाद्या सरकारी कचेरीसारखे वाटले. पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीला तिथेही ‘खिडकी’च म्हणतात, आणि कचेरीतल्या खिडक्यांशी माझा परिचय लहानपणापासूनचा!

बोटाने बटण दाबले की माऊसच्या पोटातला एक चिमुकला स्विच बंद होतो. त्याची धातूची पट्टी टेकताना किंचित थरथरते. त्या थरथरीलाच कोणी चार वेळा दाबणे समजू नये म्हणून काही क्षण तिकडे मुद्दाम दुर्लक्ष केले जाते. मग बातमी तयार होते. चाक नसलेल्या साध्या माऊसची बातमी अवघ्या ३ बाइटांची असते: कोणती बटणे दाबलेली आहेत, माऊस आडवा किती सरकला, उभा किती सरकला. बस्स! यूएसबीच्या तारेवरून माऊस आपण होऊन बोलतही नाही. संगणक पुन्हा पुन्हा ‘काही नवीन?’ असे विचारतो, तेव्हाच तो उत्तर देतो. लिनक्सच्या दप्तरी डाव्या बटणाचा क्रमांक २७२ आणि उजव्याचा २७३. दाबले तर १ आणि सोडले तर ०. माणसाच्या मनात काय होते, हात कापत होता की ठाम होता, हे सारे त्या १ आणि ० मध्ये मावत नाही.

ही बातमी खिडक्यांच्या कारभाऱ्याकडे येते. तो पाहतो की बाणाचे टोक या घडीला कोणत्या खिडकीवर आहे. खिडकीच्या पोटात खिडकी, तिच्या पोटात आणखी एक, अशी घराण्यासारखी रचना असते. सर्वांत आतली, सर्वांत धाकटी खिडकी सापडली की कारभारी तिची नोंद तपासतो. प्रत्येक खिडकीने आधीच लिहून द्यावे लागते की आम्हाला अमुक प्रकारच्या बातम्या ऐकायच्या आहेत. धाकटीने तसे लिहून दिले नसेल तर बातमी तिच्या आईकडे जाते. तिनेही दिले नसेल तर आजीकडे. अशी चढत चढत ती सर्वांच्या मुळाशी असलेल्या खिडकीपर्यंत पोचते, आणि तिथेही कोणी ऐकणारा नसेल तर विरून जाते. वाटेत एखाद्या खिडकीने ‘ही बातमी पुढे जाऊ द्यायची नाही’ असे बजावून ठेवले असेल, तर ती तिथेच थांबते. दाबणाऱ्याला वाटते, आपण दाबले. दाबले हे खरेच; पण ऐकायला कोणी नव्हते!

यात आणखी एक बारकावा आहे. एका खिडकीवरच्या इतर पुष्कळ बातम्या अनेक प्रोग्रॅमना एकाच वेळी ऐकता येतात. पण ‘बटण दाबले’ ही बातमी ऐकण्याचा अधिकार एका वेळी एकालाच मिळतो. दुसऱ्याने मागितला तर त्याला नकार येतो. ऐकायला सारे गाव चालेल, पण काम अंगावर घेणारा एकच पाहिजे, असा हा नियम. मोठ्या कचेऱ्यांनाही तो घेण्यासारखा आहे.

ज्याला बातमी मिळते त्याला तिच्यासोबत एक छोटा तपशील मिळतो. कोणते बटण, खिडकीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर, बातमीच्या आधी कोणती बटणे दाबलेली होती, आणि हजारांश सेकंदांत मोजलेली वेळ. बटण किती वाजता दाबले हे आहे, कुठे दाबले हे आहे. दाबले कोणी, हे मात्र नाही.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीच्या हंगामात त्यांच्या बोटांचा पिवळेपणा साबणाने जात नाही. आप्पा चौथीपर्यंत शिकले. सही करतात, वाचतात, पण सावकाश. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दोन वर्षांपूर्वी आप्पा खात्याच्या काही कामासाठी एका दुकानात गेले. मी बरोबर होते. तिथल्या मुलाने पडदा स्वतःकडे वळवून ठेवला होता आणि माऊस त्याच्याच हातात होता. “काका, होय ना?” असे तो अधूनमधून विचारी, आप्पा मान हलवीत, आणि तो टकटक दाबीत जाई. काम झाले. पण त्या वर्षापासून आप्पांच्या खात्यातून दर वर्षी काही रक्कम परस्पर कमी होऊ लागली. कुठलीशी सेवा त्यांच्या नावाने सुरू झाली होती. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, “तुम्हीच संमती दिली आहे. ही बघा नोंद.” नोंदीत तारीख होती, वेळ होती, सेकंदसुद्धा होते. बोट मात्र आप्पांचे नव्हते.

माझी आजी अंगठा उठवत असे. निळ्या शाईच्या पॅडवर तिचा अंगठा दुसऱ्यानेच धरून टेकवलेला असायचा, आणि कागदावर काय लिहिले आहे ते तिला ठाऊक नसायचे. पण निदान तो अंगठा तिचा होता. त्याच्या रेषा जगात दुसऱ्या कोणाच्या नव्हत्या. तिच्या मुलाच्या वाट्याला त्याहून सोपी गोष्ट आली. आता अंगठासुद्धा लागत नाही. बोट कोणाचेही चालते.

म्हणून मी ठरवले की आप्पांच्या हातात माऊस द्यायचा. घरी माझ्याकडे कोणाचा तरी टाकून दिलेला, लिनक्स घातलेला एक जुना संगणक आहे. त्यावर मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. कोरी खिडकी, तिच्यात बटण दाबले की रेघ सुरू व्हावी, दाबून धरून माऊस हलवला की रेघ पुढे जावी, सोडले की थांबावी. त्यासाठी तीनच बातम्या ऐकायच्या: दाबले, दाबलेले असताना हलवले, सोडले. आप्पांनी त्यात आपली सही काढावी, म्हणजे हात बसेल, असा बेत.

आप्पा बसले. पन्नास किलोचे पोते सहज पाठीवर घेणारा माणूस तो एवढासा ठोकळा धरताना घामाघूम झाला! दोनदा लागोपाठ दाबणे तर त्यांना जमेना. पहिले दाबणे आणि दुसरे दाबणे यांत ठरावीक वेळेपेक्षा जास्त अंतर पडले की यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी दाबणी होतात. विंडोजमध्ये ही मुदत मुळात अर्ध्या सेकंदाची असते. गंमत म्हणजे एक्सच्या कारभाऱ्याला जोडदाबणी ठाऊकच नाही. तो फक्त वेळा कळवतो; दोन मिळून एक मानायचे की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. मी ती मुदत वाढवून दिली. माणसाने यंत्राच्या वेगाने धावावे त्यापेक्षा यंत्राने माणसासाठी थोडे थांबावे, हे सेटिंगमध्ये एका रेघेने होते, हे मला फार आवडले.

मग सही सुरू झाली. शेवटच्या अक्षराची वेलांटी आप्पांनी कागदावर काढतात तशी ऐसपैस मागे नेली, आणि बाण खिडकीच्या डाव्या कडेबाहेर गेला. मला वाटले, आता बातमी तुटणार. बाण दुसऱ्याच खिडकीवर गेला म्हणजे बातम्याही तिकडे जाणार. पण तसे झाले नाही. माझ्या प्रोग्रॅमला बातम्या येतच राहिल्या. मी आकडे छापून पाहत होते: आडवे अंतर १२, मग ५, मग ०, मग उणे ७, उणे २३! खिडकीबाहेर गेलेला हातही खिडकी उणे अंकांत मोजत होती. आप्पांनी वेलांटी वळवून परत आत आणली, आणि रेघ न तुटता पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत या प्रकाराचे नाव कळले. त्याला ‘ग्रॅब’ म्हणतात. विंडोजवाले ‘कॅप्चर’ म्हणतात. एक्समध्ये बटण दाबल्याची बातमी ज्या खिडकीने स्वीकारली, तिच्या स्वाधीन बाण आपोआप होतो. सर्व बटणे सुटेपर्यंत तो कुठेही भटकला तरी बातमी तिलाच. विंडोजमध्ये हे आपोआप होत नाही. प्रोग्रॅमला तसे मागून घ्यावे लागते आणि मागाहून सोडावे लागते. असे का, हेही विचार केल्यावर पटते. दाबणे एका खिडकीने ऐकले आणि सोडणे दुसरीने, तर पहिली बिचारी ‘अजून दाबलेलेच आहे’ असे समजून वाट पाहत राहील, आणि दुसरीला कळणार नाही की न दाबलेले सुटले कसे.

हे मी आप्पांना समजावून सांगू लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवले. “आगं, ह्ये आमच्यात बी हाय की! थप्पीवरनं पोतं ज्यानं पाठीवर घेतलं, त्यानंच ते उतरायचं. मधीच दुसऱ्याच्या पाठीवर दिलं तर पोतं बी पडतंय आन् मानूस बी.” मी चार दिवस इंग्रजी पानांशी झगडून जे समजले होते, ते त्यांनी दोन वाक्यांत उतरवून ठेवले.

पण आप्पांना सर्वांत मोठे अप्रूप वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. पडद्यावरची बहुतेक बटणे दाबल्यावर काम करीत नाहीत; सोडल्यावर करतात. दाबले की बटण नुसते खाली गेल्यासारखे दिसते. बाण तिथेच असताना बोट उचलले, तरच ते दाबणे ग्राह्य. दाबून धरले, बाण बाजूला नेला आणि मग बोट उचलले, तर काहीही घडत नाही. हे शक्य होते तेही त्याच ग्रॅबमुळे: बाण बाहेर गेल्याचे आणि बोट बाहेर सुटल्याचे त्या बटणाला कळते, म्हणूनच ‘याचा विचार बदलला’ हे त्याला समजते. मी आप्पांना हे करून दाखवले. त्यांनी स्वतः पाच-सहा वेळा करून पाहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “म्हंजी दाबलं तरी माघारी येता येतंय म्हन की!”

या वाक्याने मला कितीतरी वेळ दुसरे काही सुचले नाही. ज्या माणसाला आयुष्यभर ‘इथे सही कर’, ‘इथे अंगठा लाव’ एवढेच ऐकायला मिळाले, आणि एकदा केलेली सही पुसता येत नाही हे ज्याने सोसून पाहिले, त्याला दाबणे आणि सोडणे यांच्या मधल्या जागेत विचाराला वाव ठेवलेला आहे हे कळणे ही लहान गोष्ट नव्हती. कोणा दूरदेशीच्या माणसांनी ती जागा राखून ठेवली होती. पण माऊस दुसऱ्याच्या हातात असेल तर ती जागाही त्याचीच होते.

एक्सचीही एक खोड आहे, ती लपवून चालणार नाही. तिच्या राज्यात कोणत्याही प्रोग्रॅमला विचारता येते की बाण कुठे आहे आणि कोणती बटणे दाबलेली आहेत; मग ते दाबणे दुसऱ्याच्या अंगणातले का असेना. २००८ साली क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी वेलँड नावाची नवी पद्धत रचायला घेतली, तिच्यात हे बंद केले आहे. तिथे प्रत्येकाला फक्त आपल्याच खिडकीवरचे कळते. शिवाय बटणाच्या प्रत्येक बातमीबरोबर एक अनुक्रमांक येतो, अगदी पावतीच्या क्रमांकासारखा. एखाद्या प्रोग्रॅमला खिडकी सरकवायची असेल किंवा नकललेला मजकूर सर्वांसाठी ठेवायचा असेल, तर त्याला तो क्रमांक दाखवावा लागतो. म्हणजे ‘माणसाने खरोखर काही केले होते काय?’ असा प्रश्न यंत्र आता प्रोग्रॅमला विचारू लागले आहे. तो क्रमांकही बोट कोणाचे हे सांगत नाही, हे खरे. तेवढे यंत्राच्या आवाक्याबाहेरचेच आहे. ते पाहणे पडद्यासमोर बसलेल्या माणसांचे काम.

या उन्हाळ्यात एका अर्जासाठी आप्पा पुन्हा अशाच एका दुकानात गेले होते. दुकान वेगळे, मुलगा वेगळा, टकटक तीच. आप्पा म्हणाले, “बाळा, पडदा जरा हिकडं वळीव. आन् त्यो माऊस दे माझ्याकडं.” मागे रांग होती. कोणीतरी “काका, आटपा की” म्हणाले. आप्पांनी ओठ हलवीत एकेक ओळ वाचली. एका चौकटीपाशी बाण नेला, बटण दाबून धरले, आणि त्या मुलाला विचारले, “ह्ये कशाचं पैसं?” मुलाने काहीतरी गुळमुळीत सांगितले. आप्पांनी बाण हळूच बाजूला ओढला आणि बोट उचलले. चौकट कोरीच राहिली. मग खाली येऊन त्यांनी ‘सादर करा’ दाबले आणि सोडले.

मी मागे उभी होते. मदत करायची वेळच आली नाही. पडद्यावर पोच आली, तिच्यावर तारीख होती, वेळ होती. आणि या खेपेस बोटही आप्पांचेच होते. माऊसच्या डाव्या बटणावर हळदीचा एक पिवळा ठिपका मात्र राहिला. दुकानातला मुलगा तो अंगठ्याने पुसत होता.